भिवंडीचा सरासरी चेहरा

समजा, भिवंडीतल्या शंभर माणसांचे फोटो काढले. सगळे समोरून, सारख्या उजेडात, टोपी आणि चष्मा उतरवून. मग ते एकावर एक असे रचले की प्रत्येकाचे डोळे दुसऱ्याच्या डोळ्यांवर येतील, आणि त्या थप्पीचा मिळून एकच फोटो छापला. कोण दिसेल त्यात?

ते थप्पीत कोणाला घेतलं यावर अवलंबून आहे. निजामपुऱ्यातली कोकणी मुसलमान घराणी इथली जुनी. मग उत्तर प्रदेशातून, आझमगड-मऊकडून पिढ्यान् पिढ्या येत राहिलेले अन्सारी विणकर. पद्मानगरात तेलुगू बोलणारे पद्मशाली. शहराच्या कडेच्या गावांतले आगरी, कोळी, कुणबी. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या अंगाला कातकरी आणि वारली. शिवाय महामार्गाच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या गोदामांत माल चढवणारे-उतरवणारे, देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातले. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. त्यात पुरुष ४,१५,३३९ आणि स्त्रिया २,९४,३२६. म्हणजे बायकांपेक्षा पुरुष एक लाख एकवीस हजारांनी जास्त. बायकामुलं गावी ठेवून इथल्या यंत्रमागांवर कामाला आलेल्यांचा यात मोठा वाटा आहे. प्रमाणशीर थप्पी लावली तर छापून येणारा चेहरा पुरुषी वाटेल, पण पुरता नाही. ओठांवर धुरकट मिशी असेल आणि हनुवटीवर दाढी आहे की सावली, ते कळणार नाही. कातडी मात्र तुकतुकीत असेल. हा गृहस्थ भिवंडीच्या एकाही गल्लीत राहत नाही.

कल्पनेतला हा खेळ एका माणसाने दीडशे वर्षांपूर्वी खरोखर आणि फार गंभीरपणे करून पाहिला होता. फ्रान्सिस गॉल्टन हे त्याचं नाव. चार्ल्स डार्विनचा नातलग, हवामानाच्या नकाशांपासून बोटांच्या ठशांपर्यंत सगळीकडे डोकं चालवणारा आणि जे दिसेल ते मोजणारा. १८७७च्या सुमारास इंग्लंडच्या तुरुंगखात्याचे प्रमुख एडमंड ड्यू केन यांनी त्याला कैद्यांच्या फोटोंचे गठ्ठे दिले. खून-दरोडेवाले, चोरी-फसवणूकवाले आणि लैंगिक गुन्ह्यांतले अशी त्यांची विभागणी होती. गुन्ह्याच्या प्रकाराला चेहऱ्याचाही काही प्रकार असतो का, हे गॉल्टनला शोधायचं होतं.

त्याची युक्ती सोपी होती. सगळे फोटो एका मापाचे करायचे, डोळ्यांची जागा जुळेल अशी टाचणीने भोकं पाडून ते एका गठ्ठ्यात लटकवायचे आणि समोर कॅमेरा लावायचा. एका फोटोची नीट नक्कल उतरायला ऐंशी सेकंद लागत असतील आणि गठ्ठ्यात आठ फोटो असतील, तर प्रत्येकाला दहाच सेकंद द्यायचे. काच तीच, बदलतो फक्त समोरचा चेहरा. जे सगळ्यांत समान ते आठ वेळा उमटून गडद होतं आणि जे एकट्यादुकट्याचं ते एकदाच पुसट उमटून विरून जातं. १८७८च्या मे महिन्यात त्याने ‘नेचर’मध्ये ही पद्धत मांडली. गंमत म्हणजे साधारण याच कल्पनेचं एक पत्र न्यूझीलंडहून ऑस्टिन नावाच्या माणसाने डार्विनला पाठवलं होतं. दोन वेगळ्या चेहऱ्यांचे फोटो स्टिरिओस्कोपमध्ये शेजारी-शेजारी ठेवून पाहिले तर ते मिसळून एक होतात आणि आधीच्या दोघांपेक्षा देखणे दिसतात, असं त्याने कळवलं होतं.

गॉल्टनच्या कैद्यांचंही तेच झालं. खुन्यांचा मिश्र चेहरा काढला तर त्यात खुनी कुठेच दिसेना. क्रूरपणा, बेदरकारपणा, जे काही एकेका फोटोत वाटत होतं ते सगळं उडून गेलं आणि एक बऱ्यापैकी देखणा, जरासा थकलेला सामान्य माणूस उरला. गॉल्टन प्रामाणिक होता. त्याने हे छापलं. तिथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण ज्या पुस्तकात त्याने हे मिश्र चेहरे एकत्र दिले, त्याच १८८३च्या पुस्तकात त्याने ‘युजेनिक्स’ हा शब्द जन्माला घातला. चांगल्या वंशाची माणसं वाढवायची आणि वाईट वंशाची रोखायची, ही ती विद्या. पुढे तिने काय केलं ते विसाव्या शतकाने पाहिलं.

त्याच्या या उद्योगातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही, आणि त्याचा एक धागा हिंदुस्थानात येतो. पाटण्यात जन्मलेले शेख दीन मुहम्मद इंग्लंडात गेले आणि त्यांनी १८१० साली लंडनमध्ये भारतीय पद्धतीची खाणावळ उघडली. त्यांचा नातू फ्रेडरिक अकबर महोमेद लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर झाला. रक्तदाबावरचं त्याचं काम आजही वाखाणलं जातं. क्षयाचा रोगी चेहऱ्यावरून ओळखता येतो, अशी त्या काळच्या डॉक्टरांची समजूत होती. अरुंद, लांबट, नाजूक चेहरा म्हणजे क्षयाची ‘प्रकृती’. गॉल्टन आणि महोमेद यांनी ४४२ क्षयरोग्यांचे फोटो घेतले, दुसऱ्या रोगांच्या लोकांशी त्यांची तुलना केली, मिश्र चेहरे काढले. निष्कर्ष असा की क्षयाचा म्हणून असा काही चेहरा नसतो. अरुंद चेहऱ्याचे लोक दोन्हीकडे सारखेच. हा अहवाल १८८२ साली निघाला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवून दिला. महोमेद त्यानंतर दोनच वर्षांनी, पस्तिशीत, विषमज्वराने गेला.

भिवंडीतल्या कोंदट मागखान्यात, एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने झोपतात अशा वस्तीत क्षय का पसरतो, याचं उत्तर हवेत आणि गर्दीत आहे. ते नाकाडोळ्यांत शोधणाऱ्यांना त्यांच्याच यंत्राने नाही म्हणून सांगितलं. मिश्र छायाचित्राचा हा खरा उपयोग: ते समजूत सिद्ध करायला नेलं तर बहुधा ती मोडतं.

मात्र ज्याला आपली समजूत मोडू द्यायची नसते त्याला मिश्र छायाचित्र काहीही दाखवतं. १८८५च्या सुमारास जोसेफ जेकब्स या ज्यू अभ्यासकाच्या पुढाकाराने लंडनमधल्या ज्यू शाळकरी मुलांचे मिश्र चेहरे गॉल्टनने काढले. गॉल्टनला त्या डोळ्यांत थंड, तोलून पाहणारी नजर दिसली. जेकब्सला ती तशी दिसली नाही. फोटो एकच, काच एकच. नजर फोटोत होती की पाहणाऱ्यात, हे ठरवायला तिसरा फोटो उपयोगी नव्हता.

आता मुंबईकडे येऊ, कारण चेहरे जोडून ‘लोक’ तयार करण्याचं काम आपल्याकडे गॉल्टनच्या आधीच सुरू झालं होतं, फक्त वेगळ्या तऱ्हेने. विल्यम जॉन्सन हा मुंबई सरकारच्या कचेरीतला कारकून पुढे फोटोग्राफर झाला. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्या पहिल्या मंडळींत तो होता. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या वर्तुळातले. ते स्वतः उत्तम फोटो काढत. फोटोग्राफर हरिश्चंद्र चिंतामणीही याच काळात पुढे आले. जॉन्सनने १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींचा मोठा चित्रसंग्रह काढला. त्यातली माणसं स्टुडिओत बसवून टिपलेली होती आणि मागचा देखावा बाहेर वेगळा टिपलेला. दोन्ही जोडून एक चित्र. म्हणजे जो माणूस देवळापुढे किंवा समुद्रकाठी उभा दिसतो, तो त्या क्षणी तिथे नव्हताच. कडा नीट पाहिल्या तर पाय जमिनीला टेकलेले वाटत नाहीत.

हे गॉल्टनच्या नेमकं उलट काम आहे. गॉल्टन अनेकांना घोटून एक करतो. जॉन्सनच्या पद्धतीत एकाच माणसाला अख्ख्या जातीचं ओझं उचलायला लावतात. फोटोखाली माणसाचं नाव येत नाही, जातीचं येतं. सत्तावन्नच्या उठावानंतर सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात काढले, तेव्हा हीच तऱ्हा साऱ्या देशाला लावली गेली. सर सय्यद अहमद खान १८६९ साली लंडनमध्ये असताना इंडिया ऑफिसमध्ये त्यांच्या मुलाने ते पुस्तक चाळलं. तेवढ्यात एका इंग्रज तरुणाने त्याला विचारलं, तू हिंदुस्थानी का? मुलगा लाजला, हो म्हणाला, आणि पुढे घाईने आपण त्या पुस्तकातल्या आदिवासींपैकी नव्हे, असा खुलासा करू लागला. सय्यद अहमद यांनीच हे लिहून ठेवलं आहे. पुस्तकातला एकेक चेहरा दुसऱ्यांच्या माथी कसा बसतो ते यात दिसतं; आणि तो आपल्या माथी बसू नये म्हणून माणूस लगेच कुणाला खाली ढकलतो, तेही.

क्षयाचा अहवाल निघाला त्याच १८८२ साली कॅम्पबेलच्या मुंबई इलाख्याच्या सरकारी गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा खंडही निघाला. भिवंडीचा अभ्यास करणाऱ्याला तो आजही उघडावा लागतो. शेती, व्यापार, बंदरं यांची माहिती भरगच्च आहे. पण जातींच्या वर्णनाकडे वळलं की साचा सुरू होतो. अमके गोरे, तमके काळे, हे काटक, ते आळशी, एकेका वाक्यात हजारो माणसं निकालात. कॅमेरा नसला तरी ही मिश्र छायाचित्रंच आहेत, फक्त शब्दांत. बरं, किती जणांना पाहून हे वाक्य लिहिलं, ते कधीच सांगितलेलं नसतं. गॉल्टन निदान आठ म्हणजे आठ असं सांगायचा.

यानंतर फोटोची जागा फूटपट्टीने घेतली. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिसली यांनी नाकाच्या लांबी-रुंदीचं गुणोत्तर काढून जातीची उतरंड नाकाच्या रुंदीशी जोडली: नाक जितकं अरुंद तितकी जात वरची. त्यांच्या हाताखाली बाळकृष्ण आत्माराम गुप्ते यांच्यासारखी मराठी माणसंही काम करत होती. या नाकाच्या सिद्धांताचा समाचार घेतला तो मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. मुंबई विद्यापीठातल्या या समाजशास्त्रज्ञाने १९३२च्या आपल्या जातिविषयक पुस्तकात रिसलींचीच मापं पुन्हा लावून पाहिली. उत्तर प्रदेशात ते गणित थोडंफार जुळतं, बाहेर कोलमडतं, असं त्यांना आढळलं. महाराष्ट्रात तर नाकावरून पंगत लावणं अशक्यच.

त्याच सुमारास इरावती कर्वे बर्लिनहून परत आल्या होत्या. १९२८ ते १९३० या काळात त्यांनी तिथल्या मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएच.डी. केली. नाझींच्या वंशविचाराला शास्त्राची झूल चढवणाऱ्यांत हे फिशर पुढे अग्रभागी होते. त्यांनी विषय दिला तो असा: माणसाची कवटी डावी-उजवीकडे थोडी असमान असते, ही असमानता युरोपीय गोऱ्यांत जास्त असावी आणि तिचा संबंध त्यांच्या बुद्धीशी असावा, हे तपासा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सगळ्यांतच निघाली, वंशाशी तिचा संबंध निघाला नाही. पंचविशीच्या आत-बाहेरच्या, परक्या देशातल्या विद्यार्थिनीने आपल्या मार्गदर्शकाला न आवडणारं उत्तर प्रबंधात लिहिलं. मला हे धाडस त्यांच्या महाभारतावरच्या ‘युगान्त’इतकंच महत्त्वाचं वाटतं.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांनी स्वतः महाराष्ट्रभर मापं घेतली. वि. म. दांडेकर यांच्याबरोबरचा त्यांचा ग्रंथ १९५१चा. मोजमाप त्यांनी सोडलं नाही, आणि त्यावर आज टीकाही होते. पण त्यांचा प्रश्न वेगळा झाला होता. थप्पी कोणाची लावायची? कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर १९६८ साली त्यांनी महाराष्ट्रातल्या सारख्याच दर्जाच्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना छापली. लग्नं ज्या गटात होतात तो गट हेच खरं जैविक एकक, आणि एका नावाखाली येणारे हे गट एकमेकांपासून बरेच वेगळे निघतात, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे ‘ब्राह्मण’ अशी एकच थप्पी लावून मिश्र चेहरा काढला तर तो चेहरा आठांपैकी कुणाचाच होणार नाही. भिवंडीत तर ‘मुसलमान’ अशी थप्पी लावणाऱ्याने कोकणी घराण्याला आणि मऊच्या विणकराला एकाच काचेवर उमटवलेलं असेल. दोघांची बोली वेगळी, जेवण वेगळं, सोयरिकीही वेगळ्या.

सरासरीत गफलत कुठे होते ते कूर्नो नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८४३ सालीच सांगून ठेवलं होतं. काटकोन त्रिकोणांच्या बाजूंची सरासरी घेतली, तर मिळणारा त्रिकोण काटकोन असेलच असं नाही. करून पाहा. एक त्रिकोण ३, ४, ५चा. दुसरा ५, १२, १३चा. दोन्ही शाळेत शिकवलेले, अस्सल काटकोन. सरासरी बाजू ४, ८, ९. चाराचा वर्ग सोळा, आठाचा चौसष्ट, बेरीज ऐंशी. नवाचा वर्ग एक्याऐंशी. काटकोन गेला. दोन खरे त्रिकोण मिसळून जो निघाला त्यात दोघांचा मुख्य गुणच नाही. नाक, जबडा, कपाळ यांचंही असंच आहे. प्रत्येक भागाची वेगवेगळी सरासरी काढून जोडलेला माणूस जगायला लायक असेलच याची हमी नाही, मग तो ‘नमुना’ कसला?

या कोड्यातून वाट काढली ती संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी, आणि तिची सुरुवात नागपुरात झाली. १९२०च्या नागपूरच्या सायन्स काँग्रेसमध्ये त्यांची गाठ प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांच्याशी पडली. कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची मापं अ‍ॅनंडेल यांच्याकडे पडून होती; ती त्यांनी महालनोबिसना सोपवली. त्या कामातून १९३६ पर्यंत जे सूत्र तयार झालं ते आज जगभर ‘महालनोबिस अंतर’ म्हणून वापरलं जातं. त्याचा गाभा सोपा आहे. दोन गटांच्या सरासरींतला फरक नुसता पाहायचा नाही. प्रत्येक गटाच्या आतच माणसं एकमेकांपासून किती पसरलेली आहेत, आणि कुठली मापं एकमेकांबरोबर वाढतात, हे हिशेबात घेऊन तो फरक तोलायचा. दोन वस्त्यांच्या सरासरी उंचीत दोन सेंटिमीटरचा फरक असेल, पण एकाच वस्तीतल्या दोन सख्ख्या शेजाऱ्यांत पंधराचा, तर त्या दोनाला किती किंमत द्यायची? गॉल्टनच्या काचेवर हा पसारा पुसट कडांच्या रूपाने उमटायचा. लोक मधला स्वच्छ चेहरा पाहायचे आणि कडांना फोटोचा दोष समजायचे. माहिती सगळी कडांत होती. मजा अशी की महालनोबिस यांनीही माणसांच्या बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याच्या रेषा टिपायला १९३३मध्ये एक फोटोयंत्र बनवलं होतं. चेहऱ्यांचा मोह कुणाला सुटला नाही.

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावाला आणखी एक मिश्र छायाचित्र जवळचं वाटेल. अमेरिकेत लुईस हाइन हा फोटोग्राफर गिरण्यांत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढत फिरायचा. मालकांनी आत घ्यावं म्हणून तो वेश पालटायचा आणि मुलांची उंची आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजायचा. १९१३ साली त्याने सूतगिरणीतल्या मुलांचे चेहरे एकावर एक छापून मिश्र छायाचित्रं केली. गिरणी मुलांचं काय करते ते एका नजरेत दिसावं म्हणून. हेतू गॉल्टनपेक्षा लाख पटींनी चांगला. तरीही ती चित्रं आज फारशी कुणाला आठवत नाहीत. आठवते ती चात्यांच्या रांगेपुढे उभी राहून कॅमेऱ्याकडे पाहणारी एकटी पोरगी. कायदे बदलायला तिनेच मदत केली.

मिश्र चेहरा देखणा का दिसतो, याचा उलगडा १९९० साली अमेरिकेतल्या लॅंगलॉइस आणि रॉगमन या दोघींनी संगणकावर चेहरे मिसळून केला. सोळा-बत्तीस चेहरे मिसळले की लोकांना तो मूळ चेहऱ्यांपैकी बहुतेकांपेक्षा आवडतो. देवीचे व्रण, वाकडा दात, एक भुवई वर चढलेली, हे सगळं एकमेकांना खोडून टाकतं. हल्ली चित्र काढून देणाऱ्या यंत्रांना ‘भारतीय माणूस’ काढायला सांगितलं की पागोटं घातलेला दाढीवाला म्हातारा पुन्हा पुन्हा समोर येतो, असं २०२३च्या एका पाहणीत दिसलं. जॉन्सनचा स्टुडिओ आणि गॉल्टनची काच तिथे एकत्र आली आहेत. थप्पी कोणी लावली, हे मात्र आता विचारताही येत नाही.

पण याच संगणकाने सरासरी चेहऱ्याला एक वेगळं कामही दिलं. १९८७मध्ये सिरोविच आणि किर्बी यांनी, आणि १९९१मध्ये टर्क आणि पेंटलंड यांनी चेहरे ओळखायची एक रीत बसवली. आधी अनेक चेहऱ्यांचा मिश्र चेहरा काढायचा. मग प्रत्येक फोटोतून तो वजा करायचा. जे शिल्लक उरतं त्यावरून माणूस ओळखायचा. आताची यंत्रं त्याहून पुढे गेली असली तरी ही वजाबाकी पायाशी होती. आणि आश्चर्य असं की म्हातारपणी, १९०० साली, गॉल्टननेही हाच नाद घेतला होता. एका चेहऱ्याची निगेटिव्ह दुसऱ्याच्या पॉझिटिव्हवर ठेवायची, म्हणजे समान भाग एकमेकांना मारतात आणि फरक तेवढा दिसतो. त्याआधी १८९२च्या ठशांवरच्या पुस्तकातही तो बोटांवर वंशाची खूण शोधायला गेला होता. इंग्रज, वेल्श, ज्यू, आफ्रिकी, सगळ्यांचे ठसे त्याने तपासले. वंश सापडला नाही. प्रत्येक माणूस निराळा आहे, एवढंच सापडलं, आणि पोलिसांना तेच हवं होतं.